पाप कुणाचं?

"म्या कुणाचं काय वाईट केलं व्हतं?" मायनं विचारलं तेव्हा तिच्या हातात पिठाचा गोळा होता आणि भाकरी थापली जात नव्हती. बोटं लाकडावानी ताठ. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास तशीच. तालुक्याच्या डॉक्टरनं चार वर्षं दुखणं दाबायच्या गोळ्या दिल्या. पुढं शहरातल्या दवाखान्यात रोगाचं नाव कळलं, रुमेटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडं आमवात म्हणतात. तिथला डॉक्टर म्हणाला, "बाई, तुमचंच शरीर तुमच्यावर उलटलंय." खरं तेच बोलला. मायनं अर्थ लावला, म्हणजे दोष माझाच. शेजारच्या मावशीनं पुस्ती जोडली, मागल्या जन्माचं असंल.

१९५६ साली धम्म घेतलेलं आमचं घर. भिंतीवरचे देव गेले, मागला जन्म मात्र अजून चुलीपाशी बसून आहे. मावशीचा मला राग आला नाही. तुमचं दुःख ही तुमचीच करणी, असं पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला पढवलं त्यांचा आला. पण नुसत्या रागानं मायला उत्तर मिळत नाही. प्रत्येक दुःखामागं कुणीतरी पापी असतोच का?

आधी शरीरात काय घडतं ते बघू. पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे बारकी प्रथिनं, सायटोकाइन. त्यातलं एक टीएनएफ. उंदरांच्या अंगातल्या गाठी मारतं म्हणून १९७५ साली न्यूयॉर्कमधे त्याला हे नाव मिळालं. जंतू घुसला की पेशी हा निरोप सोडते : या, सूज आणा, लढा. काम झालं की निरोप थांबायला हवा. आमवातात सांध्याच्या अस्तरात तो थांबतच नाही. टीएनएफ दुसऱ्या निरोप्यांना उठवतं, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६. ते आणखी पेशींना बोलावतात. अस्तर फुगतं, हाड खाणाऱ्या पेशी चेवतात, सांधा कुरतडला जातो. १९९२ साली लंडनमधे मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी टीएनएफला अडवणारं औषध रुग्णांना दिलं आणि सुजलेले सांधे उतरले. एक निरोप अडवला की मागची रांगच ढिली पडते.

मग टीएनएफ गुन्हेगार? माझा आजा गावकीत मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात परगावी पायी जायचा. दारात उभा राहिला की लोक आधी त्यालाच शिव्या घालायचे. मेलेला त्यानं मारलेला नसायचा. आणि या टीएनएफचं दुसरंही काम आहे. क्षयाचे जंतू वर्षानुवर्षं फुफ्फुसात कोंडून ठेवण्यात त्याचा मोठा हात असतो. म्हणून त्याला अडवणारं इंजेक्शन देण्याआधी क्षयाची तपासणी करतात. पहारा उठला की दबलेला क्षय उसळू शकतो. एका खोलीत सात माणसं झोपतात त्या वस्तीत राहून या पहारेकऱ्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग चुकलं कुणाचं? काही जनुकांनी धोका वाढतो, धूम्रपानानं वाढतो. बायकांना हा रोग पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो. पण हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला झाला तर बहुतेक जोड्यांत दुसऱ्याला होत नाही. म्हणजे रक्तातच सगळं लिहिलेलं नाही. योगायोगाचाही वाटा आहे, आणि योगायोगाला पाप चिकटवता येत नाही.

हे बुद्धालाही कुणी विचारलं होतं. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणूस जे भोगतो ते सगळं पूर्वीच्या कर्मानं, असं काही लोक म्हणतात, ते खरं का? बुद्ध कारणं मोजतो : पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट, असं करत करत. कर्म त्या यादीत आहे. पण आठवं, शेवटचं. सगळं कर्मावर ढकलणारे चुकतात, असं तो सांगतो. बाबासाहेबांनी तर मागल्या जन्माच्या कर्माचा हिशेबच नाकारला. मावशीच्या घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, लाल कपड्यात बांधलेला.

आमचा एक कवी मित्र हे ऐकून म्हणाला, जात म्हणजे समाजाला झालेला असाच रोग, शरीर आपलेच अवयव खातंय. कवितेला टाळ्या पडतील. मला पटत नाही. समाज म्हणजे एक शरीर ही उपमा पुरुषसूक्तानं आधीच वापरलीय, शूद्राला पायाशी ठेवून; आम्हाला तर पायाचीही जागा नव्हती. शिवाय मायचं हाड खाऊन कुठली पेशी वतनदार होत नाही. जातीत होतं. तिथं फायदा घेणाऱ्याला नाव असतं, गाव असतं, सातबारा असतो. जातीला रोग म्हटलं की हा माणूस सुटला.

मायच्या हाताचेही म्हणून मी दोन हिशेब मांडतो. बोटं सुजली, यात कुणाचं पाप नाही. बोटं वाकडी झाली, यात आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी महाग नसते. वेळेत सुरू झाली तर सांधे पुष्कळदा वाचतात. मायची चार वर्षं गेली. गरीब बाई आहे, कामानं दुखत असंल, म्हणून कुणी रक्त तपासलं नाही. हे कुठल्या प्रथिनानं केलेलं नाही.

मायला मी निरोपाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोटांकडं बघत राहिली.

"म्हंजी थांब म्हणायला कुणी आलंच न्हाई."

"तसंच काहीसं, माय."

"मग मावशीला तूच सांग. म्या सांगितलं तर ऐकायची न्हाई ती."