राहुटीखालची जमीन

अमेरिकेच्या मेन राज्यांत, अटलांटिकमधील माउंट डेझर्ट बेटावर अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे. जॉर्ज डॉर प्रभृति सधन गृहस्थांनीं दिलेल्या जमिनीवर १९१६ सालीं त्याचा पाया पडला. आज कोणीही भाडें भरून तेथें राहुटी ठोकतो आणि सकाळीं खुंट्या उपटून जातो. आपलें स्वत्व सोडून दुसऱ्याचें निर्माण करणें, ही आपल्या शास्त्रकारांची दानाची व्याख्या. येथें कोणा एकाचें स्वत्व निर्माण झालेंच नाहीं. या दानाची थोरवी मला यांतच दिसते. पण मन अडखळतें तें 'आपलें' या शब्दाशीं. बंगलेवाल्यांपूर्वीं शतकानुशतकें वाबानाकी हे मूळचे रहिवासी येथें ऋतुमानाप्रमाणें येत, शिंपले वेंचीत, भूर्जाच्या सालींचीं खोपटीं उभारीत आणि निघून जात. तेंही हौसेखातर नव्हे, पोटासाठीं. परंतु कुंपण न घालणाऱ्यास कायद्यानें स्वामी मानलें नाहीं. दाते म्हणून नांवें लागलीं तीं बंगलेवाल्यांचीं.