तीन इंचांचे पाते

घडीचा चाकू ही वस्तू तशी अगदी साधी. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची मूठ, मुठीला खाच आणि त्या खाचेत दुमडून बसणारे दोन-अडीच इंचांचे पाते. पेरू कापावा, सुतळी तोडावी, पार्सलची चिकटपट्टी चिरावी, पेन्सिलीला टोक करावे आणि मिटून ठेवून द्यावा. माझ्या पर्समध्ये असा एक चाकू गेली आठ-नऊ वर्षे आहे. मामूंनी तो कुवेतहून आणला होता. तो घेऊन मी रोज मुंब्र्याहून लोकलने शाळेत जाते. आजवर मला त्याबद्दल कोणी काही विचारलेले नाही.

विचारणार तरी कोण? संध्याकाळी सहा-सातच्या लोकलच्या महिला डब्यात जाऊन पाहावे. अर्ध्या बायकांच्या मांडीवर पिशवी, पिशवीवर वर्तमानपत्र आणि हातात सुरी. गवार मोडणे, पालेभाजी निवडणे, बटाट्याच्या फोडी करणे हे सगळे धावत्या गाडीत चालते. त्या डब्यात किती पाती उघडी असतात याची मोजदाद केली तर एखादा अधिकारी हादरून जाईल. पण तिथे कुणाला हत्यार दिसत नाही, भाजी दिसते.

वस्तू तीच राहते आणि तिचे नाव बदलते. कोण ठरवते हे नाव?

कायद्याचे उत्तर मला अपेक्षेपेक्षा शहाणे वाटले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली किंवा तशी बदलून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. केवळ घरच्या वा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. साधी काठी हे उदाहरण खुद्द कायद्यातच दिले आहे. नियमांच्या यादीत तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची पाती तिथेही वगळलेली आहेत. म्हणून कोकणात माझ्या आजोळी कमरेच्या आकडीला कोयती लावून माणूस दिवसभर हिंडतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. तीच कोयती २०२३ च्या सुमारास पुण्यात ‘कोयता गँग’च्या बातम्यांमुळे एकदम बदनाम झाली, खरेदीदाराची नोंद ठेवा असे विक्रेत्यांना सांगितले गेल्याचेही वाचले. कोयतीचा आकार काही बदलला नव्हता.

दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या आणि गरारीच्या चाकूंना माप लावले : पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन इंच. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यातही तीन इंचच आहेत. तिथे तेवढ्या धारेचा घडीचा चाकू कोणतेही कारण न सांगता जवळ बाळगता येतो. मात्र पाते उघडल्यावर खटक्याने अडकून बसता कामा नये, असे तिथल्या न्यायालयाने १९९३ मध्ये ठरवले. आणि हा छोटा चाकूसुद्धा कोणाला इजा करण्याच्या हेतूने जवळ ठेवला असेल, तर ते माप त्याला वाचवत नाही. म्हणजे फूटपट्टी एका हद्दीपर्यंतच कामाची. त्या हद्दीपलीकडे नियत विचारावी लागते.

आपल्याकडे आणखी एक तरतूद आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या (पूर्वीच्या मुंबई पोलीस कायद्याच्या) कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला, तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात. त्यात तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर चाकूही येतो आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी इतर कोणतीही वस्तूही येते. इथे कायद्याची भाषा ‘कशासाठी बनवली’ यावरून ‘कशासाठी वापरता येईल’ यावर सरकते. वापरता तर कंपासही येते. मग निवाडा समोरच्या शिपायाच्या नजरेवर येतो, आणि नजर सगळ्यांवर सारखी पडत नाही हे या वार्षिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

चाकूची ही बदनामी मला उर्दूची शिक्षिका म्हणून अधिक खटकते. आमच्याकडे त्याचे एक फार अदबीचे नाव आहे : कलमतराश. संगणक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. बोरूची कलम आधी कलमतराशने तासायची, टोक मधोमध चिरायचे, मग हाडाच्या छोट्या पट्टीवर टोक ठेवून एका दाबात तिरका ‘कत’ लावायचा. अक्षराची जाडी-बारीकी, नस्तालिकचा सगळा डौल त्या एका कापावर अवलंबून. कत चुकला की ‘बे’ची नाव बुडालीच म्हणायची! मराठी शाळांतही एकेकाळी बोरू होते आणि बोरूसाठी चाकू होता. इंग्रजांच्या ‘पेननाइफ’ या शब्दातही पिसाची लेखणीच लपलेली आहे. खिशातल्या चाकूचा लिहिण्या-वाचण्याशी असा जुना घरोबा आहे. पण हिंदी सिनेमाने आपल्या डोक्यात रामपुरी बसवला, खटका दाबला की ‘खट्’ करून उघडणारा. एका गावच्या कारागिरीचे नाव गुंडाच्या हातात गेले ते गेलेच. २०२३ मध्ये त्या रामपूरने चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारून आपले नाव परत मागितले. मिळाले की नाही कोण जाणे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सातवीच्या एका मुलाच्या दप्तरात असा घडीचा चाकू सापडला. मधल्या सुट्टीत तो कैरी कापून मिठाबरोबर वाटत होता. चाकू शिक्षकांच्या खोलीत आला. शाळेत धारदार वस्तू आणू नये, यावर कोणाचेच दुमत नव्हते. पण एक ज्येष्ठ सर, भले माणूस, त्या मुलाला जवळ घेऊन म्हणाले, “बेटा, इतर कुणाच्या मुलाजवळ सापडला तर तो चाकू असतो. तुझ्याजवळ सापडला तर हत्यार असते. हे आत्ताच शिकून घे.”

सरांचे खोटे होते असे मला म्हणता येणार नाही. त्यांनी १९९२-९३ ची मुंबई पाहिलेली आहे. मुलाला जपावे, एवढीच त्यांची इच्छा होती. तरीही ते वाक्य मला अजून टोचते, कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. चाकू जवळ बाळगणाऱ्यावर काही जबाबदारी येते का? येते. पण कशाची? त्याच्या धारेची, की दुसऱ्याच्या संशयाची?

धारेबद्दल आपल्या परंपरेत फार नेमके मार्गदर्शन आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोके हातात धरावीत, कोणाला लागू नये म्हणून. अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत आहे की, उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. लक्षात घ्या, बाण घरी ठेवून या असे सांगितलेले नाही. बाजारात बाण घेऊन येणारा गुन्हेगार ठरवलेला नाही. फक्त टोक त्याच्या स्वतःच्या मुठीत राहील, टोचले तर आधी त्यालाच टोचेल, एवढे मागितले आहे. मला तर घडीचा चाकू पाहिला की हीच गोष्ट आठवते. धार मालकाच्या मुठीकडे वळवलेली.

संशयाचे तसे नाही. समजा, मी गर्दीच्या फलाटावर चाकू उघडून उभी राहिले, तर शेजारचा माणूस दचकेल. त्याचे दचकणे रास्त आहे आणि त्याची काळजी घेणे मला लागू आहे, कारण माझ्या जागी दुसरे कोणीही असते तरी तो दचकलाच असता. पण भीती पात्याची नसून माझ्या नावाची, बुरख्याची, एखाद्याच्या दाढीची असेल, तर ती माझ्या चाकूतून आलेली नाही. तिचे कर्ज माझ्यावर नाही. सरांनी ते कर्ज बारा वर्षांच्या मुलाच्या नावावर चढवले.

यावर कोणी म्हणेल, बाई, तत्त्वज्ञान ठेवा बाजूला, उद्या नाक्यावर पोराला अडवले तर तुमचे तत्त्व सोडवायला येणार आहे का? नाही येणार. एहतियात हवीच. पण एहतियात शिकवताना कारण खरे सांगावे, असे माझे म्हणणे आहे. ‘वर्गात साठ मुले आहेत, धक्काबुक्कीत कोणाच्या डोळ्यात जाईल, म्हणून आणू नकोस’ हे कारण खरे आहे आणि प्रत्येक मुलाला सारखे लागू आहे. ‘तू कोण आहेस ते पाहा’ हे कारण मुलाच्या मनात घर करते. चाकू जातो, ते वाक्य राहते. पुढे तो स्वतःकडे त्या शिपायाच्या नजरेने पाहू लागतो, आणि ते काम शाळेने केलेले असते.

दुसऱ्या टोकाचेही बोलले पाहिजे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने महिलांना स्वसंरक्षणासाठी लहान चाकू वाटले होते. तेव्हा आमच्या डब्यातही चर्चा झाली. एकजण मला म्हणाली, तुझ्याकडे तर आधीच आहे! मी म्हटले, माझा पेरूसाठी आहे. ती हसली, पण मी थट्टा करत नव्हते. भीतीपोटी जवळ ठेवलेला चाकू, मग तो कितीही लहान असो, हत्यारच. कारण तो ठेवताना मनात एक माणूस आधीच कापून झालेला असतो. बायकांची भीती खोटी नाही, माझीही नाही. तरी तो इलाज मला पटला नाही. आपल्या वस्त्यांतली काही मुले ‘काळ कठीण आहे’ म्हणून खिशात काहीबाही ठेवतात, त्यांनाही मी हेच सांगते. तिथे मी सरांहून कडक आहे.

त्या मुलाच्या आईला मी बोलावून चाकू परत दिला. वर्गात एकदा पट्टी घेऊन पाते मोजायला लावले, ९ इंच म्हणजे किती तेही फळ्यावर काढून दाखवले. मुलांना त्यात फार गंमत वाटली.

तो मुलगा आता एसी दुरुस्तीचे काम शिकतो. गेल्या रमजानमध्ये भेटला. वायर सोलायला, पाइपावरचा फोम कापायला त्याला चाकू लागतो. कामाच्या बॅगेत असतो. “टीचर, रात्री उशिरा परत येतो. बॅगेत ठेवू ना?” मी म्हटले, ठेव, तुझे अवजार आहे. मग तो निघताना माझ्या तोंडून आणखी निघाले, की दुकानाचे ओळखपत्र आणि कामाची पावती त्याच कप्प्यात ठेवत जा.

माझ्या पर्समधल्या चाकूबरोबर मी कधी कोणतेच कागद ठेवलेले नाहीत.