पहाटेचा पहारा

पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाचं शरीर काम करायला राजी नसतं. अंगाचं तापमान दिवसातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर आलेलं असतं, पाय जड, बोटं बधिर, लक्ष थाऱ्यावर नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात शेकडो माणसं नेमक्या याच वेळी उबदार तंबूतून बाहेर येतात. गार पडलेले बूट चढवतात, हेल्मेटवरचा दिवा लावून बघतात आणि माउंटन बाइक हाताने ढकलत अंधारात निघतात. पारा कधीकधी शून्याच्या आसपास उतरतो. त्यांना कुणी बळजबरीने उठवलेलं नसतं. आपला सोबती बाहेर वाळवंटात सायकल मारतोय, तो येईल तेव्हा आपण जागेवर उभं असलं पाहिजे, एवढ्यासाठी ती उठतात.

टूसॉन शहराला तिथले लोक प्रेमाने ‘ओल्ड प्वेब्लो’ म्हणतात. त्याच नावाने २००० सालापासून ही २४ तासांची शर्यत होत आली आहे, आता शहराच्या उत्तरेला ओरॅकल गावाजवळच्या माळावर. शनिवारी दुपारी बाराला सुरू, रविवारी दुपारी बाराला बंद. एक फेरी साधारण २६ किलोमीटरची. एकट्याने किंवा जोडीनेही उतरता येतं, पण शर्यतीचा खरा प्राण आहे तो चौघा-पाचजणांच्या टीममध्ये. एकजण फेरी मारून येतो, हातातला छोटा बॅटन पुढच्याला देतो, पुढचा निघतो. चोवीस तासांत जास्तीत जास्त फेऱ्या ज्यांच्या, ते जिंकले. डोंगरी सायकलींची अशी शर्यत पहिल्यांदा भरवली लेयर्ड नाइट यांनी, १९९२ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियाच्या कनेन खोऱ्यात. कल्पनेचं मूळ मात्र फ्रान्समधल्या ल माँच्या मोटारशर्यतीत आहे. तिथे १९२३ पासून मोटार चोवीस तास पळते आणि चालक बदलत राहतात. जुन्या ल माँमध्ये चालक धावत जाऊन मोटारीत बसत, तसेच इथेही पहिले स्वार आधी पायी धावतात आणि मग सायकल गाठतात.

थोडा हिशेब मांडून पाहावा. एका फेरीला दीड तास धरला, तर चौघांच्या टीममध्ये प्रत्येकाच्या वाट्याला चार फेऱ्या येतात. आपली फेरी संपली की पुढची येईपर्यंत साडेचार तास. त्यात खायचं, ओले कपडे बदलायचे, साखळीतली वाळू झाडून तेल घालायचं, दिव्याची बॅटरी चार्जिंगला लावायची, आणि उरलेल्या वेळात झोप लागली तर झोपायचं. फेब्रुवारीतली रात्रही लांब, जवळजवळ तेरा तासांची. म्हणजे निम्म्याहून अधिक शर्यत अंधारातच चालते. सायकलवर प्रत्येकजण एकटा असतो. दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढी पायवाट, दोन्ही बाजूंना निवडुंग, आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज. टीम असते ती फक्त बॅटन देण्याघेण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत.

आपल्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतो, तिथला वीणेचा पहारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच उमगेल. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याची यादी आधीच लागलेली असते. संध्याकाळच्या कीर्तनाला मंडप भरतो, पण रात्री दोनला मंडपात कुणी नसतं. समई, वीणा, आणि पेंगुळलेल्या आवाजात नाम घेत उभा असलेला एक माणूस. त्याच्या जागी यायचा माणूस घरी झोपून राहिला, तर याला तसंच उभं राहावं लागतं. म्हणून तो येतो. पांघरूण बाजूला सारून, तोंडावर पाणी मारून, टॉवेल खांद्यावर टाकून येतो. सप्ताहाची अखंडता गाणाऱ्याइतकीच या उठून येणाऱ्याच्या हातात असते. बॅटनची गोष्टही मला हीच वाटते.

या शर्यतींविषयी बोलताना लोक चढ, वेग, गिअर, टायर यांवर तासन्‌तास बोलतात. वाट पाहण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तर तोच सगळ्यात अवघड भाग वाटतो. सोबती दीड तासात येणार, म्हणून तुम्ही दहा मिनिटं आधी येऊन बॅटन बदलायच्या तंबूत उभे राहता. दीड तास होतो. तो येत नाही. इतरांचे सोबती येतात, क्रमांक पुकारले जातात, माणसं बॅटन घेऊन पळतात. तुमची तापवलेली मांडी पुन्हा गार पडते. दोन तास होतात. टायर फुटलं असेल का? साखळी तुटली? की तो चोयात पडला? चोया हा तिथला निवडुंग. त्याचे काटेरी तुकडे नुसता धक्का लागला तरी सुटून अंगाला चिकटतात आणि काट्यांची टोकं उलटी असल्याने ओढले की मांस धरून बसतात. हाताने काढायला जावं तर ते हाताला लागतात. म्हणून तिथले जाणते स्वार खिशात कंगवा ठेवतात आणि तुकडा कंगव्याने उडवून टाकतात. हे सगळं तुम्हाला माहीत असतं आणि तिथे उभं राहून तुम्ही काहीच करू शकत नसता.

या अर्ध्या तासात मनातून काय काय जातं, त्यात माणूस कळतो. आधी वैताग येतो: आपण थंडीत उभे आहोत, टीम मागे पडते आहे. मग वैतागाची काळजी होते. आणि शेवटी तो येतो, गुडघ्यावर धूळ आणि रक्त, श्वास लागलेला, बॅटन पुढे करत म्हणतो, “सॉरी.” तेव्हा वाट पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? “उशीर का झाला?” हा की “लागलं का रे?” हा? मी टीमची पारख यावरून करीन, निकालाच्या तक्त्यावरून करणार नाही.

या खेळात एकट्याने सायकल मारणाऱ्यांचीही मोठी परंपरा आहे, आणि तिची सुरुवात विलक्षण आहे. १९९६ साली कनेनला एकट्याने उतरायची सोयच नव्हती. जॉन स्टॅमस्टॅड यांनी आपल्याच नावाची चार रूपं लिहून चौघांची टीम नोंदवली आणि चोवीस तास एकट्याने सायकल मारली. पुढे एकट्यांचा वेगळा गट निघाला तो त्यांच्यामुळे. त्यांच्या जिद्दीपुढे मान लवते. पण त्या चार नावांतल्या कुणालाही दुसऱ्यासाठी जागावं लागलं नाही, आणि मला वाटतं, या खेळातली एक मोठी गोष्ट तिथे गळाली. थकलेल्या माणसाला स्वतःसाठी थांबणं सोपं असतं. कुणीतरी आपल्यासाठी उभं आहे हे ठाऊक असलं की थांबणं कठीण होतं.

याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे नाशिकचे महाजन बंधू. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या टीमने पुरी करून आले. ती डांबरी रस्त्यावरची शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि त्यांनी ती ९ दिवसांच्या मुदतीच्या आत संपवली. एक भाऊ सायकलवर, दुसरा सोबतच्या गाडीत जमेल तेवढी विश्रांती घेतोय, मग अदलाबदल. दिवसामागून दिवस हेच. सख्ख्या भावाला झोपेतून उठवायचं आणि त्याचे पाय किती दुखताहेत हे माहीत असूनही उठवायचं, हे सोपं नसणार.

ॲरिझोनातल्या त्या शर्यतीत पहाटे साडेपाच-सहाला निघणाऱ्याची फेरी मात्र वेगळी. तो अंधारात सुटतो आणि उजेडात परततो. मध्येच कुठेतरी कॅटालिना डोंगरांच्या कडा उमटू लागतात, उंच सग्वारो निवडुंग काळ्याचे हिरवे होतात, दिवा बंद करता येतो, आणि रात्रभर फक्त दगडांवर खिळलेली नजर पहिल्यांदा वर उठते. ही फेरी सगळ्यांनाच हवी असते. रात्री अडीचची कुणालाच नको असते, आणि तरी ती कुणीतरी घेतलेली असते, म्हणून पहाटेची उरते.

मग उरतो रविवारचा दुपारचा हिशेब. अशा बहुतेक शर्यतींत बारा वाजायच्या आधी रेषेवर आलेल्या टीमला आणखी एक स्वार सोडता येतो. काहीजण मुद्दाम रेषेअलीकडे थांबून राहतात, बारा वाजून जाऊ देतात आणि मग रेष ओलांडतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. चोवीस तासांनी पायांत काही उरलेलं नसतं. पण तंबूत हेल्मेट घालून, हातमोजे चढवून, घड्याळाकडे बघत ‘लवकर ये, लवकर ये’ म्हणत उभा असलेला चौथा सोबतीही असतो. आणि येणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं, म्हणून शेवटच्या किलोमीटरला तो पाय सैल सोडत नाही.