बक्षीस कुणाच्या खिशातून?

कामठ्याच्या लहरी आश्रमात हात जोडताना मनात नेमके काय असते? घर पुरे व्हावे, कर्ज फिटावे, लेकीचे लग्न निघावे. मागणे वावगे नाही. पण खोल पाहिले की आणखी एक इच्छा दिसते: हे सगळे एकदमच व्हावे. लॉटरी याच इच्छेवर चालते, म्हणून तिचा विचार स्वतःपासूनच सुरू करायला हवा.

आधी सट्टापट्टी, म्हणजे बेकायदा मटका. तिचा हिशेब सरळ आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तरी हाती नऊच. रोज खेळणाऱ्याला खाते ते नशीब नव्हे, हा हिशेब. लोक मटक्यापासून वळावेत म्हणूनही महाराष्ट्र सरकारने 1969 साली आपली लॉटरी काढली. ती कायदेशीर आहे, आणि एका अंकावर बक्षीस द्यायला 1998 च्या कायद्याने मनाई आहे. तरी विक्रेत्याचे कमिशन, सरकारचा वाटा आणि कर वजा जाऊन जे उरते, त्यातूनच बक्षिसे. तिकीट घेणारे सगळे मिळून तोट्यातच राहतात. सरकारी लॉटरी हाही जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये म्हटले आहे.

पण मला टोचते ते गणित नव्हे. शेतीही जुगारच, असे आपण सहज म्हणतो; रोवणा वेळेवर झाला तरी पाऊस दगा देतो, धानावर तुडतुडा येतो. तरी धान पिकले तर कुणाच्या ताटात भात पडतो, आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाला हरावे लागत नाही. सोडतीत नवे काहीच पिकत नाही. मला लागलेले लाख म्हणजे अनेक अनोळखी माणसांची गेलेली मजुरी. त्यात तेंदूपत्ता तोडणारी बाईही असेल. मी जिंकावे म्हणजे त्यांनी हरावे. हे मागणे देवापुढे मोठ्याने म्हणता येईल? मला नाही येणार.

म्हणून तिकीट नको. पण पट्टी लावणाऱ्या शेजाऱ्याला नावे ठेवणेही नको. मोठी रक्कम हाती येण्याचा दुसरा रस्ताच त्याला दिसत नसेल. त्याच्या ओट्यावर बसून हा दहा-नऊचा हिशेब मांडावा, आणि त्याआधी त्याच्यावर कर्ज किती आहे ते आपुलकीने विचारावे, हे माझे कर्तव्य आहे.