परसबागेतील हिंसा आणि अप्रमाद

गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी रोज जीवहत्या घडते, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांना तेथे ‘पंचसूना’ असे नाव असून ‘सूना’ म्हणजे वधस्थान. या दोषाच्या परिमार्जनासाठी पंचमहायज्ञ सांगितले गेले. चूल विझवण्यास मात्र सांगितले नाही. वांग्यावरचा मावा हटवताना जीवच घेतले जात असल्यामुळे परसबाग हे या यादीतील सहावे स्थान मानता येईल.

‘सुरक्षित कीडनियंत्रण’ या शब्दप्रयोगात सुरक्षितता असते ती भाजी खाणाऱ्याची, किडीची नव्हे. 100 लिटर पाण्यास 5 किलो निंबोळीची पूड या प्रमाणात भिजवून गाळलेल्या अर्कातील अॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीची भूक मारते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. म्हणजे अळी तडकाफडकी न मरता उपासाने व खुंटलेल्या वाढीने मरते. अर्क वनस्पतिजन्य आहे एवढ्यावरून तो अहिंसक ठरत नाही.

जैन आचारशास्त्र हिंसेचे चार प्रकार मानते: हेतुपुरस्सर केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, व्यवसायात घडणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणार्थ केलेली विरोधी. श्रावकाने, म्हणजे व्रतस्थ गृहस्थाने, यांपैकी संकल्पी हिंसा पूर्णतः टाळावी अशी अपेक्षा असते. फवारणी तर हेतुपूर्वकच होते, तेव्हा तिला आरंभी म्हणणे ही पळवाट नव्हे काय, हा आक्षेप रास्त आहे. पीक राखणे हा हेतू आणि मारणे हा नाइलाज, हा भेद खरा असेल तर तो कृतीच्या क्रमात दिसला पाहिजे: रोपांत अंतर राखून हवा खेळती ठेवणे, जाळी लावणे, पाण्याच्या धारेने मावा झाडणे, आणि त्यानंतरच, मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी अर्क फवारणे.

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेच्या व्याख्येचा गाभा प्रमाद, म्हणजे बेसावध वृत्ती, हा आहे. वांग्याचे पान उलटून पाहिले, तर चिकट स्रावासाठी माव्याभोवती फिरणाऱ्या मुंग्या दिसतात आणि त्यांच्यातच काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, काटेरी, लांबट अळीही आढळते. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याची, पिल्लावस्था असून मावा हेच तिचे अन्न असते. परंतु दिसण्यात ती भयंकर असल्याने अनेकदा तीच प्रथम चिरडली जाते. या चिरडण्यात मारण्याची गरज नसते, पिकाचा लाभही नसतो. उरतो तो केवळ प्रमाद. म्हणून परसबागेतील अहिंसेचा आरंभ औषधाच्या निवडीपासून नव्हे, तर पान उलटून पाहण्यापासून होतो.