सुटलेली दोरी



याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत जिभेचा विषय चालला असतां मध्येंच रानांतल्या पशूंची गोष्ट निघते. पशु माणसास वश झाले, पण त्याची स्वतःची जीभ त्यास वश झाली नाहीं, असा त्या भागाचा आशय आहे. ह्या अध्यायावर आम्हीं अनेक वेळां उपदेश केला. परंतु त्याचा अर्थ आम्हांस एका कुत्र्यानें शिकविला. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवतों.

इ. स. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत आम्ही कॅनडा देशांत आमच्या भाच्याच्या घरीं राहावयास गेलों होतों. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेस त्याचें गांव आहे. गांव संपतांच अरण्य लागतें. स्प्रूस व भूर्ज ह्या झाडांची दाटी, मधून मधून खडक व तळीं, असा तो प्रदेश उत्तरेकडे शेंकडों मैल पसरला आहे. भाच्याचा एक कुत्रा आहे. रोज सकाळीं त्यास घेऊन आम्ही दोघे रानवाटेनें फिरावयास जात असूं. पहिल्याच दिवशीं भाचा म्हणाला, "मामा, हा कितीही ओढूं लागला तरी दोरी सोडूं नका."

त्याचें कारण आम्हांस लवकरच दिसलें. एके सकाळीं भूर्जाच्या बुंध्याशीं एक साळिंदर बसलें होतें. तिकडचें साळिंदर झाडावर चढतें, आणि त्याच्या अंगावर सुमारें ३०,००० काटे असतात. तें काटे फेंकून मारतें ही समजूत खोटी आहे. जो तोंड लावतो त्यासच ते टोंचतात. टोंकास सूक्ष्म उलट्या कुसळ्या असल्यामुळें शिरलेला काटा सहज निघत नाहीं, तर आंतच सरकतो. कुत्रा झेपावला, पण दोरीनें त्यास आवरलें. पुढें एकदां तळ्याच्या कांठीं मूस नांवाच्या प्रचंड हरिणाची मादी पाडसासह उभी दिसली. भाच्यानें आम्हांस मुकाट्यानें मागें फिरविलें. लांडगा हा तिच्या पाडसाचा जुना वैरी, आणि ती कुत्र्यास लांडगाच समजते; तिच्या खुरांचा तडाखा जीवघेणा असतो. त्या देशाच्या राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यास दोरीनें बांधूनच नेलें पाहिजे, मूसपासून निदान ३० मीटर व अस्वलापासून १०० मीटर दूर राहिलें पाहिजे, असा दंडक आहे.

इतकें पाहूनही आम्हांस शहाणपण आलें नाहीं. एके दिवशीं भाचा कामावर गेला असतां आम्ही एकटेच कुत्र्यास घेऊन निघालों. तो दोरी ओढून केविलवाणें पाहूं लागला. ह्या मुक्या जिवास चार पावलें मोकळें धांवूं दिलें तर काय बिघडलें, असें मनाशीं म्हणून आम्हीं गळपट्ट्याची कडी काढली. तो बाणासारखा झुडपांत शिरला. थोड्या वेळानें भुंकणें ऐकूं आलें. मग तें जवळ जवळ येऊं लागलें. आणि कुत्रा शेंपूट पोटाशीं घेऊन आमच्या पायांमागें येऊन दडला. त्याच्या मागोमाग काळ्या अस्वलाची मादी बाहेर आली.

त्या दिवसांत तेथें ब्लूबेरी नांवाचीं निळीं फळें पिकतात. हिवाळ्याच्या दीर्घ निद्रेपूर्वीं अंगांत चरबी सांठावी म्हणून अस्वलें तीं दिवसभर खात असतात. ती बिचारी तेंच करीत होती. भुंकण्यानें तिचीं दोन पिलें झाडावर चढलीं होतीं. ती नाकांतून फुंकार टाकीत, दांत वाजवीत, पंजानें जमीन थोपटीत वीस पावलांवर थांबली. पळूं नये, हें भाच्यानें सांगितलेलें आठवलें. थरथरत्या हातानें आम्हीं कडी पुन्हां अडकविली आणि हळू आवाजांत बोलत, तिच्याकडे पाठ न करितां, एकेक पाऊल मागें सरलों. देवाच्या दयेनें ती वळली व पिलांकडे गेली.

संध्याकाळीं भाच्यास सर्व सांगितलें. तो रागावला नाहीं. इतकेंच म्हणाला, "मामा, अस्वल आपण होऊन आलें नाहीं; कुत्र्यानें आणलें." स्टीफन हेरेरो व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें आहे कीं, १९०० पासून २००९ पर्यंत कॅनडा व अमेरिका येथें मिळून रानांतल्या काळ्या अस्वलांनीं ६३ माणसें मारलीं. ११० वर्षांच्या मानानें ही संख्या थोडी आहे. अस्वल बहुधा माणसाची वाट सोडून जातें. सुटलेला कुत्रा त्यास चिडवितो, आणि मग भिऊन धन्याकडेच धांवत येतो. जुन्नर व अकोले तालुक्यांतील बंधूंस हें नवल वाटणार नाहीं. रात्रीं मोकळा सोडलेला कुत्रा बिबट्यास अंगणांत आणतो, हें ते जाणतात.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. त्याच वर्षाच्या आरंभीं मंडळीच्या पंचांच्या सभेंत, हिशेब पाहणाऱ्या एका बंधूविषयीं, आम्हीं एक शब्द सोडला होता. हिशेबास उशीर होत आहे त्याअर्थीं कांहीं काळेंबेरें असेल, असें आम्ही सहज बोलून गेलों. तो शब्द सभेंतून पाणवठ्यावर गेला, पाणवठ्यावरून आठवड्याच्या बाजारांत, आणि अखेरीस आमच्याच दारीं परत आला. हिशेब पैचाही फरक न पडतां जुळला. परंतु त्या घरचीं माणसें उपासनेस येईनाशीं झालीं. आम्ही त्यांसच हट्टी म्हणत होतों. तो बंधु आपलीं लेकरें घेऊन आपल्या ठिकाणीं स्वस्थ होता. चिडविलें आम्हीं, आणि दोषही त्यासच दिला!

बंधुभगिनींनो, दोरी ही प्रीतीची वस्तु आहे. ज्या कुत्र्यावर जीव आहे त्यासच माणूस बांधून नेतो. आपल्या जिभेस आवर घालणें म्हणजे तिचा छळ नव्हे; तिचें, आपलें व शेजाऱ्याचें तें रक्षण आहे. परंतु कडी काढण्यापूर्वींच हा विचार झाला पाहिजे; शब्द झुडपांत शिरल्यावर कितीही हांका मारल्या तरी उपयोग नाहीं. आणि संकट दारीं आलेंच, तर पळूं नये, ओरडूं नये. प्रथम आपलाच कुत्रा बांधावा. ज्यांच्यासमोर शब्द सोडला त्यांच्यासमोरच तो परत घ्यावा.

स्वदेशीं आल्यावर आम्हीं पंचांच्या सभेंत उभें राहून तो शब्द मागें घेतला आणि नंतर त्या बंधूच्या घरीं गेलों. त्यानें आम्हांस बसावयास घोंगडी घातली, चहा दिला. फार बोलला नाहीं. त्याचें कुटुंब अद्याप दर रविवारीं येत नाहीं. आम्ही त्यांस बोल लावीत नाहीं. काटा शिरावयास एक क्षण पुरतो, निघावयास किती दिवस लागतील हें ज्यास टोंचला त्यानें सांगावें.

येत्या रविवारीं प्रभुभोजनास बसण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या हातांतली दोरी पाहावी. ती रिकामी असेल, तर सुटलेल्या शब्दाच्या शोधास आधीं निघावें. प्रभु आपणां सर्वांस तशी कृपा देवो. आमेन.