तिच्या हातांचे फळ

शास्त्रभाग : नीतिसूत्रे, अध्याय ३१



नीतिसूत्रांच्या शेवटल्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीवर आपल्या मंडळ्यांतून वारंवार उपदेश होतो. लग्नात होतो, आणि बाईच्या अंत्यविधीत तर हटकून होतो. ती रात्र सरण्यापूर्वी उठते, घरच्यांस अन्न पुरविते, तिचा दिवा विझत नाही, हे आम्ही सर्वच पाळक मोठ्या प्रेमाने सांगतो. परंतु ती शेत पाहून स्वतः विकत घेते, या वचनावरून आम्ही झपाट्याने पुढे जातो. आणि अगदी शेवटल्या वचनात वेशीतल्या स्तुतीच्या आधी निराळीच आज्ञा आहे : तिच्या हातांच्या कष्टांचे जे फळ, ते तिला द्यावे. तिचा पती वेशीत वडीलजनांबरोबर बसतो, असेही तेथे लिहिले आहे. त्यास बसावयास सवड कोणामुळे मिळाली, हे आपल्या चावडीवरच्या मंडळींस सांगावयास नको.

सन २०१९ मध्ये सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि पुरुषाची ९७. तीही सर्व पुरुषांची नव्हेत. कारण घरकामास हात लावणारे पुरुष शंभरांत सुमारे २६ आढळले, स्त्रिया ८१. आजाऱ्यांची व लेकरांची शुश्रूषा याहून वेगळी मोजली आहे. हे श्रम देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाहीत. तीच भाकरी खानावळीत थापली, तर मात्र धरली जाते.

मग घरातल्या श्रमाची किंमत ठरते तरी केव्हा? जमशेदपूर येथे ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभात आग लागून पुष्कळ स्त्रिया व मुले दगावली. त्यांच्या नुकसानभरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला, तेव्हा गृहिणींच्या सेवेचे मोल महिन्यास ३,००० रुपये धरले. रक्कम अल्प होती. तरी कोणी तरी मोजली. पण मोजली ती त्या बाया मेल्यावर, आणि पैसे गेले ते मागे राहिलेल्यांच्या हाती.

आता आपल्या घरांकडे येऊ. भारतीय वारसा कायदा, १९२५, आपणां ख्रिस्ती लोकांस लागू आहे. बाप मृत्युपत्र न करिता वारला, तर मिळकतीचा तिसरा हिस्सा विधवेचा, आणि उरलेल्यात मुलगे व मुली समान वाटेकरी. असे असूनही बाप गेल्यावर थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र तयार होते. ज्या मुलीने माहेरी राहून बापाचे अंथरूण काढले, त्यास भरविले, रात्री जागून कूस बदलविली, तीच त्यावर अंगठा किंवा सही करिते. भाऊ शहरातून आलेला असतो. साक्षीस कोण? पुष्कळदा पाळक.

कोणी म्हणतील, तिने सेवा प्रेमाने केली, तिचा मोबदला काय काढता? प्रेमाने केली, यात शंका नाही. परंतु प्रेमाची खूण म्हणून वाटा सोडावयास मुलास कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडते, असे याकोब लिहितो; ती घरात अडकविली तर गप्प राहते, असे तो कोठेही म्हणत नाही. बहीण राजीखुशीने देत असेल, तर तिला अडविणारे आम्ही कोण? पण आपणास किती मिळावयाचे होते, हे तिला ठाऊक तरी असले पाहिजे.

म्हणून आमची आमच्या पाळकबंधूंस विनंती आहे की, अशा कागदावर साक्ष घालण्यापूर्वी त्या बहिणीस भावांच्या गैरहजेरीत भेटावे, पत्नीस सोबत न्यावे, आणि तिचा कायदेशीर हिस्सा किती गुंठे होतो ते आकड्यांत सांगावे. त्या दिवशी सही घेऊ नये. कागद पुढल्या आठवड्यातही होतो.